एंटरप्राइझ मॅनेजर बसवल्यावर जुन्या तपासणी-स्क्रिप्ट बंद कराव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८०च्या आसपास ओरॅकल डेटाबेस, ६ वेबलॉजिक डोमेन (ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरचे गट), एंटरप्राइझ मॅनेजर (ओरॅकलचं देखरेखीचं सॉफ्टवेअर) नुकताच बसवलाय, सगळ्या होस्टवर एजंट (माहिती गोळा करून पाठवणारे प्रोग्राम) चढलेत. वरिष्ठ म्हणतायत, आता क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) जुन्या तपासणीच्या स्क्रिप्ट काढून टाका, एकाच गोष्टीचे दोन-दोन मेल नकोत. तर काढाव्यात का, अलर्ट कुठले ठेवावेत, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर काय लावावं?

काढू नका.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण "दोन-दोन मेल नकोत" हे वाचलं आणि डोकं फिरलं. हेच वाक्य मी एका मीटिंगमध्ये ऐकलंय, जवळपास याच शब्दांत. तेव्हा आमच्याकडे एंटरप्राइझ मॅनेजरची १३सी आवृत्ती नवीन होती. साहेबांना कन्सोल फार आवडला होता. ६४० टार्गेट (देखरेखीखालच्या गोष्टी), मोठा हिरवा गोल, क्लिक केलं की यादी. माझी एक स्क्रिप्ट रोज सकाळी ६ वाजता सगळ्या डेटाबेसवर फिरून एक कंटाळवाणा मेल पाठवायची: डेटाबेसचं नाव, डिस्क किती भरली, रिकव्हरी एरिया (आर्काइव्ह लॉग आणि बॅकअपची राखीव जागा) किती भरला, शेवटचा बॅकअप किती तासांपूर्वीचा. साहेब म्हणाले, "हे सगळं आता सॉफ्टवेअर बघतं, ही जुनी सवय सोडा." मी म्हटलं, सर, राहू द्या, कुणाचं काय खाते? शुक्रवारी क्रॉनमधली ती ओळ काढली. काढलीच, कारण लेखी मेल आला होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री, दोन होस्टवर तिमाही पॅच होता. नेहमीप्रमाणे दोन्ही होस्टवर ब्लॅकआऊट (कामापुरती देखरेख बंद) टाकले गेले. पॅच नीट लागला, डेटाबेस उठले, पहाटे ५ला सगळे झोपायला गेले. एका होस्टवरचा ब्लॅकआऊट तसाच राहून गेला.

विसाव्या रात्री पावणेतीनला ऑपरेटरचा फोन. "सर, ॲप्लिकेशन नुसतं फिरतंय. लॉगिन होतंय, पण सेव्ह केलं की पुढे काहीच नाही. आणि कन्सोलवर सगळं हिरवं आहे."

त्या "हिरवं आहे"नं माझी वीस मिनिटं खाल्ली. मी आधी वेबलॉजिककडे गेलो. चारही मॅनेज्ड सर्व्हर (ॲप्लिकेशन जिथे चालतं ते) 'रनिंग'. लॉग उघडला तर बीईए-०००३३७च्या ओळींची रांग: अमुक थ्रेड (एकेक विनंती हाताळणारा धागा) ६०० सेकंदांहून जास्त वेळ अडकलाय, तमुक थ्रेड अडकलाय. ६०० सेकंद ही वेबलॉजिकची ठरलेली मर्यादा, म्हणजे त्रास सुरू होऊन दहा मिनिटं झाल्याशिवाय तो 'स्टक' म्हणतच नाही. थ्रेड डम्प (कुठला थ्रेड काय करतोय त्याची नोंद) काढला. सगळे सॉकेट रीडवर, डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलेले. मग डेटाबेसकडे. साध्या युजरनं जोडायला गेलो तर ओआरए-००२५७. ज्यांनी तो एरर पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको: आर्काइव्हर (भरलेल्या लॉगची प्रत काढून ठेवणारा) अडकलाय, आता फक्त सिसडीबीएलाच (सर्वाधिकार असलेल्या युजरला) आत प्रवेश.

सिसडीबीएनं आत गेलो. रिकव्हरी एरियाची मर्यादा ५०० जीबी, वापर ५०० जीबी. सगळे लिहिणारे सेशन 'लॉग फाइल स्विच, आर्काइव्हिंग नीडेड' या वेटवर. रीडो लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) भरलाय, तो आर्काइव्ह झाल्याशिवाय पुन्हा वापरता येत नाही, आर्काइव्ह करायला जागा नाही. म्हणून वाचणं चालू आणि लिहिणं ठप्प, म्हणून आधीच उघडलेल्या कनेक्शनवरून ॲप्लिकेशनचं लॉगिन होतंय आणि सेव्ह होत नाही. माउंटवर जागा होती, मर्यादा तेवढी ६०० केली. मिनिटाभरात डेटाबेसनं श्वास घेतला. दोन मॅनेज्ड सर्व्हर रीस्टार्ट करावे लागले, उरलेले दोन आपोआप सावरले.

मग प्रश्न पडला, एरिया भरलाच कसा? आर्काइव्ह लॉग रोज रात्री बॅकअप होऊन डिलीट होतात. दिवसाला २५ जीबी बनतात, ५०० जीबी म्हणजे वीस दिवसांचे. म्हणजे वीस दिवस बॅकअपच झाला नव्हता. इथे पोटात गोळा आला.

आणि आता ती गोष्ट, जी प्रशिक्षणात कुणी ठासून सांगत नाही. एंटरप्राइझ मॅनेजरमध्ये ब्लॅकआऊट टाकला की त्या टार्गेटवरचे अलर्ट तर थांबतातच, पण त्याच्या जॉब सिस्टिममधून लावलेले जॉबही थांबतात. "ब्लॅकआऊटमध्ये जॉब चालू द्या" असं तुम्ही मुद्दाम सांगितलं तरच ते चालतात. आमचे बॅकअप त्याच जॉब सिस्टिममधून जायचे. म्हणजे ज्या कळीनं बॅकअप थांबला, त्याच कळीनं बॅकअप थांबल्याची बोंबही थांबली. जॉब फेल झाला असता तर मेल आला असता. तो फेल झालाच नाही, कारण तो चाललाच नाही. सकाळच्या अहवालात 'फेल झालेले जॉब: ०' असं वीस दिवस येत होतं आणि ते शब्दशः खरं होतं.

आणि तो हिरवा गोल? त्यात ब्लॅकआऊटची पाचर होती की! ६४० पैकी ११ टार्गेट. गोलाचे ३६० अंश धरले तर सहा अंश. वीस दिवस ती पाचर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. डेटाबेसचा अलर्ट लॉगही बिचारा ओआरए-१९८१५ लिहून ओरडत होता, ८५ टक्के भरलं म्हणून. पण तो लॉग वाचणारा एजंट ब्लॅकआऊटमध्ये.

माझी जुनी स्क्रिप्ट असती तर सोमवारी सकाळी ६ला तिनं "शेवटचा बॅकअप: ५५ तास" असं लिहिलं असतं. दोन दिवसांत विषय संपला असता. हे मी नंतरच्या बैठकीत बोललो. साहेबांनी एकच विचारलं: "ब्लॅकआऊट कोणी टाकला होता?"

मीच टाकला होता. वर "राहून गेला" असं लिहिलंय ते सवयीनं. दोन होस्ट, दोन ब्लॅकआऊट, नावांत एका आकड्याचा फरक, कमांड लाइनवरून टाकलेले, कालावधी उणे एक, म्हणजे बेमुदत. बेमुदत का, तर आधीच्या तिमाहीला चार तासांचा ब्लॅकआऊट पॅच चालू असतानाच संपला आणि रात्रभर सगळ्यांचे फोन वाजत राहिले होते. पहाटे एक काढला, यशस्वी झाल्याचा संदेश आला, खिडकी बंद केली. चेकलिस्टमध्ये शेवटची ओळ 'ब्लॅकआऊट काढणे', त्यापुढे माझ्या हातची बरोबरची खूण. अहवालात 'मानवी चूक' असं गेलं आणि स्क्रिप्टचा मुद्दा इतिवृत्तात आलाच नाही. चूक माझी होती, मान्य आहे. पण माणूस चुकणार हे धरूनच तर आपण देखरेख लावतो ना? मग चुकलेल्याला पकडणारी दुसरी नजर 'दुप्पट मेल' म्हणून काढून टाकायची आणि नंतर चुकणाऱ्याकडे बोट दाखवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

असो. तुमच्या कामाचं.

स्क्रिप्ट ठेवा, पण छोटी. ती ओएमएसच्या (एंटरप्राइझ मॅनेजरच्या मुख्य सर्व्हरच्या) होस्टवरून चालवू नका, एजंटवर विसंबू देऊ नका, तिचा डेटाबेस युजर वेगळा असू द्या. डिस्क, रिकव्हरी एरिया, शेवटचा यशस्वी बॅकअप, बस. सगळं ठीक असलं तरी मेल आलाच पाहिजे, कारण मेल न येणं हीच बातमी असते. सगळ्यात वाईट आकडा सर्वात वर लावा, ८० ओळी कोणी वाचत नाही. ओएमएस पडला की एजंट माहिती स्वतःकडे साठवतात आणि तो उठल्यावर एकदम ओततात, तोवर तुम्ही आंधळे. त्या काळात ही स्क्रिप्टच कामाला येते.

ब्लॅकआऊट बेमुदत टाकायला बंदी करा. आठ तास लागतील वाटलं तर बारा टाका, संपल्यावर काढा. चोवीस तासांहून जुना उघडा ब्लॅकआऊट दिसला की स्क्रिप्टनं नावासकट ओरडावं, रिपॉझिटरीत (एंटरप्राइझ मॅनेजरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये) त्याचा तयार व्ह्यू आहे. अलर्ट नुसते गप्प करायचे असतील तर नोटिफिकेशन ब्लॅकआऊट वापरा, त्यात निरीक्षण चालू राहतं.

अलर्टचं म्हणाल तर आमचा सगळ्यात मोठा गोंधळ 'डाऊन' आणि 'एजंट अनरीचेबल' यांत झाला होता. होस्टच गोठला तर डेटाबेस 'डाऊन' दिसत नाही, कारण तो डाऊन आहे हे सांगणारा एजंटच बोलत नाही. तुमचा रूल फक्त 'डाऊन'वर असेल तर अख्खा होस्ट गेला तरी फोन वाजणार नाही. अनरीचेबलसाठी रूल वेगळा लावा.

टेबलस्पेसचे (डेटाबेसमधल्या डेटा साठवायच्या जागेचे) ठरलेले उंबरठे ८५ आणि ९७ टक्के. १० जीबीच्या टेबलस्पेसला ९७ टक्के म्हणजे ३०० एमबी उरले, १० टीबीच्या टेबलस्पेसला तेच म्हणजे ३०० जीबी उरले. एकाला आग लागलीय, दुसरा निवांत आहे आणि दोन्ही लाल. मोठ्यांना टक्के नको, शिल्लक एमबीवर लावा. आणि ऑटोएक्स्टेंड (फाइल आपोआप वाढणं) चालू असेल तर टक्के फाइलच्या कमाल आकारावर मोजले जातात. ८ केबी ब्लॉकची साधी डेटाफाइल ३२ जीबीपर्यंत वाढते असं धरून कन्सोल ६० टक्के दाखवेल आणि खाली फाइलसिस्टिम १०० टक्के भरलेली असेल. डिस्कचा अलर्ट वेगळा हवाच.

डीबीएसएनएमपीचा, म्हणजे एजंट ज्या खात्यानं डेटाबेसमध्ये जातो त्याचा, पासवर्ड. सुरक्षावाले धोरणाप्रमाणे डेटाबेसमध्ये बदलतात, कन्सोलमध्ये बदलत नाहीत. एजंट जुनाच पासवर्ड घेऊन दार वाजवत राहतो, डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये दहा चुकांनंतर खातं लॉक, आणि मेट्रिक (मोजमापं) येणं बंद. बदल कन्सोलमधूनच करा, दोन्हीकडे एकदम होतो.

वेबलॉजिकचं 'रनिंग' विसरा. आमच्या त्या रात्री चारही 'रनिंग' होते. स्टक आणि हॉगिंग (नेहमीपेक्षा जास्त वेळ घेणारे) थ्रेड, डेटासोर्सवर कनेक्शनसाठी थांबलेले, आणि पूलमधली (डेटाबेसच्या तयार कनेक्शनच्या साठ्यातली) वापरात असलेली कनेक्शन, हे बघा. पूलची कमाल क्षमता कोणी हात न लावल्यास १५ असते, ती बऱ्याच ठिकाणी तशीच राहिलेली असते.

एक ताकीद, जी खरं तर आधी द्यायला हवी होती. मूळ एंटरप्राइझ मॅनेजर ओरॅकलच्या परवान्यासोबत वेगळे पैसे न देता वापरता येतो, पण परफॉर्मन्सची बरीच पानं, एडब्ल्यूआर, एएसएच (कामगिरीच्या इतिहासाच्या नोंदी) हे डायग्नोस्टिक्स पॅकमध्ये येतं आणि त्याचे पैसे वेगळे. वेबलॉजिकच्या खोल निरीक्षणाचा पॅकही वेगळा. पानं उघडतात म्हणजे परवाना आहे असं नाही. टीमला कन्सोल खुला करण्याआधी परवाने बघणाऱ्या माणसाशी बोला आणि नसलेले पॅक सेटअपमधून बंद करा. आणखी एक: मी १३.५ पर्यंत काम केलंय, त्यानंतरच्या २४एआय आवृत्तीमध्ये मेनू हलले असतील. तुमचे बॅकअप क्रॉनमधून किंवा वेगळ्या बॅकअप सॉफ्टवेअरमधून जात असतील तर माझ्यासारखी गत होणार नाही, फक्त अलर्ट बंद पडतील. आणि मी वर कितीही चिडून लिहिलं असलं तरी ८० डेटाबेस नुसत्या स्क्रिप्टवर सांभाळा असं मी म्हणत नाहीये. मेट्रिकचा इतिहास, एका ठिकाणाहून एजंट अपग्रेड, कुठल्या होस्टवर कुठला पॅच आहे हे एका यादीत दिसणं, हे हातानं करायला बसलात तर वर्ष जाईल. मी स्वतः केलंय ते, तेव्हा तीन जण होतो आणि डेटाबेस २२.

साहेब ऐकत नसतील तर वाद घालू नका, "स्क्रिप्ट बंद करा" हे लेखी मागा. आमच्याकडे लेखी होतं, तरी इतिवृत्तात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

टीव्हीचं राहिलं. लावा खुशाल, पण तो गोल लावू नका. दोनच रकाने लावा: उघडे ब्लॅकआऊट, कोणी टाकले त्या नावासकट, आणि प्रत्येक प्रॉडक्शन डेटाबेसच्या शेवटच्या बॅकअपला किती तास झाले. पहिल्या रकान्यात माझं नाव त्या वीस दिवसांत कोणीतरी नक्की वाचलं असतं, बहुधा चहा पिता पिता मीच.