घोटा मुरगळलाय? आधी एवढंच करा

घाबरू नका, बहुतेक वेळा घोटा नीट बरा होतो. पहिले दोन दिवस जपा: पायावर भार कमी द्या, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं लावा, दर दोन-तीन तासांनी. पाय उशांवर उंच ठेवा.

क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा. बोटं बधिर, गार किंवा निळसर पडली तर लगेच सैल करा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: चोळणं, गरम शेक, कुणाकडून तरी पाय ‘बसवून’ घेणं. यानं सूज वाढते. हे अजिबात नको.

चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढाच.

दुखणं उतरलं की पाय हळूहळू हलवायला लागा. नुसतं पडून राहिलात तर घोटा आखडतो. व्यायामाचं नंतर बोलू.