सोलला येताना: फाईल, कापड आणि एफ-4

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वहिनींचा, म्हणजे तुमच्या पत्नीचा, जन्म कोरियातला, तान्ह्या असतानाच अमेरिकेत दत्तक गेल्या. आता सोलमध्ये राहून जोगाकबो, म्हणजे तुकडे जोडून केलेलं पारंपरिक कापड, शिकायचं आणि त्यातूनच आपल्या मुळांवर काम उभं करायचं. तुमचा पासपोर्ट भारतीय.

आधी व्हिसा. वहिनींना एफ-4, म्हणजे कोरियन मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचा व्हिसा, मिळू शकतो. त्यावर प्रदर्शन, शिकवणं, स्टुडिओ सगळं चालतं. अंगमेहनतीच्या मजुरीवर मात्र निर्बंध आहेत. गाडी अडते ती एका जागी. अमेरिकन नागरिकत्व मिळून कितीही वर्षं झाली, तरी कोरियन नोंदवहीत अनेकदा नाव तसंच असतं. कोरियन नागरिकत्व गेल्याची नोंद आधी करा, मग अर्ज. गुन्हे नसल्याचा एफबीआयचा दाखला अपोस्टिलसह, म्हणजे परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या सरकारी शिक्क्यासह, लागतो. तुम्हाला जोडीदार म्हणून एफ-1, म्हणजे सोबत राहण्यापुरता व्हिसा, मिळेल, पण त्यावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. म्हणून वहिनींनी पुढे कोरियन नागरिकत्व परत घ्यावं असं माझं मत. 2011 पासून दत्तक गेलेल्यांना दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात. कोरियात परदेशी नागरिक म्हणून हक्क सांगणार नाही, एवढं लिहून द्यावं लागतं. मग तुम्हाला एफ-6, म्हणजे कोरियन नागरिकाच्या जोडीदाराचा व्हिसा, मागता येतो, आणि त्यावर नोकरीची मोकळीक आहे.

दत्तकाची फाईल मात्र जपून हाताळा. अनेक मुलांची नोंद अनाथ म्हणून नव्याने केली गेली. नाव, गाव, तारीख संस्थेनेच घातलेली असू शकते. मार्च 2025 मध्ये इथल्या सत्यशोधन आयोगाने 56 जणांच्या बाबतीत हक्कांचं उल्लंघन झाल्याचं मान्य केलं. त्या कागदावरचं नाव पडताळल्याशिवाय कलाकृतीत शिवू नका. कोरियातल्या जेजू बेटावर जन्मून डेन्मार्कला दत्तक गेलेल्या कलाकार जेन जिन कायसेन यांनी टाकून दिलेल्या बारी राजकन्येच्या शमन-कथेवर काम केलंय, ते वहिनींनी जरूर पाहावं.

आता कापड. सोलच्या ग्वांगजांग बाजारात मोशी, म्हणजे रॅमी या झाडाच्या तंतूंचं पातळ कापड, मिळते. हातमागाच्या मोशीचा पन्हा जेमतेम 30 सेंमी असतो, त्यामुळे तुकडे लहानच निघतात. गोधडीचा हात असेल तर तो जरा बाजूला ठेवावा लागेल. गोधडीला थर असतात, मोशीच्या जोगाकबोला अस्तरही नसतं. खिडकीत टांगलं की प्रत्येक शिवण उजेडात उघडी पडते, दोन्ही बाजूंनी.

शिवणीला स्साम्सोल म्हणतात. खालच्या तुकड्याला 10 मिमी, वरच्याला 5 मिमी मार्जिन सोडा. बाहेर आलेली कड वरच्या कडेवर दुमडून दुमडीच्या रेषेत बारीक हेमिंग करा. मग कापड उघडा, दुमड एका बाजूला पाडा आणि तिच्यावर दुसरी हेमिंग घाला. कड आत कोंडली जाते, धागा सुटत नाही. मार्जिनमध्ये काटकसर केली तर पहिल्याच धुण्यात शिवण निसटते. तुकडा तिरपा कापला तर कापड लाटा धरतं.

सगळ्यात मोठी चूक होते हिवाळ्यात. तापवलेल्या खोलीतली हवा कोरडी, आणि कोरडी मोशी दुमडीवर तडकते. मोशीसाठी प्रसिद्ध असलेल्या हानसान गावचे विणकर याच कारणासाठी जमिनीत अर्ध्या खोदलेल्या दमट खोलीत विणायचे. इस्त्रीआधी पाण्याचा हलका फवारा मारा, आणि पहिले तीन महिने 30 सेंमीच्या चौकोनापलीकडे जाऊ नका.