पहिली पिकअप: डिझेल घ्यावी की सीएनजी, आणि पंपावर काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय की इंदूरच्या चोइथराम मंडीतून भाजी उचलायला पहिली पिकअप घ्यायची आहे, तर डिझेल घ्यावी की सीएनजी, आणि इंधन भरताना काय सांभाळावं. मी याच मंडीतून चौदा वर्षं माल वाहतोय आणि दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवल्या आहेत.

शोरूमवाले किलोमीटरला किती रुपये पडतात ते सांगतील. तुम्ही आधी तुमचा रस्ता बघा. मंडीतून राजवाडा, विजयनगर, दहा हॉटेलं, वीस दुकानं असा थांबत-थांबत फेरा असेल तर सीएनजी घ्या. बऱ्याच बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे सरकारी निकष) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं थोडा वेळ पळावी लागते. नुसत्या शहरातल्या फेऱ्यांत तो चोंदतो, दिवा लागतो आणि गाडी ओढेनाशी होते. पण मानपूरचा घाट उतरून खरगोनची मिरची, बऱ्हाणपूरची केळी आणणार असाल तर डिझेलच. भरलेली गाडी घाट चढताना डिझेलमध्ये जो दम असतो तो सीएनजीत मला कधी मिळाला नाही, आणि सिलिंडरांचं वजन मालातून वजा होतं ते वेगळंच.

सीएनजी साधारण २०० बार दाबानं भरतात, म्हणून भरताना सगळ्यांनी खाली उतरून बाजूला उभं राहायचं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेली तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते. जुनी गाडी बघत असाल तर पैसे ठरवण्याआधी पाटीवरची ती तारीख वाचा.

डिझेलच्या बाबतीत माझ्या भाच्याचा किस्सा ऐका. रात्री हायवेवर त्यानं "दोन हजारांचं टाक" एवढंच सांगितलं आणि मोबाइल बघत बसला. टाकीत पेट्रोल गेलं. गाडी सुरू करून तो निघाला आणि किलोमीटरभरात बंद पडला. डिझेलच्या पंपाला आणि इंजेक्टरना वंगण डिझेलचंच मिळतं. पेट्रोल गेलं की ते कोरडे घासतात. अकरा दिवस गाडी उभी होती, त्यातले चार दिवस तो जेवला नाही. म्हणून खाली उतरा, "डिझेल" हा शब्द तोंडानं उच्चारा, नोजल आणि मीटरचा शून्य स्वतः बघा. चूक झालीच तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. निळ्या झाकणाची डीईएफची (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची) टाकी असेल तर तिथेही हेच. ते पाणी-युरिया डिझेलच्या टाकीत गेलं तर खर्च आणखी मोठा.

सकाळी गार डिझेल जास्त मिळतं या समजुतीपायी पहाटे धावू नका. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथं तापमान फारसं बदलत नाही. मापाबद्दल शंका आली तर ५ लिटरचं माप मागा, तो तुमचा हक्क आहे. नोजल एकदा आपोआप बंद झालं की तिथंच थांबा, वरून आणखी ओतून घेऊ नका.

आपल्याकडे सकाळी देवाच्या फोटोपुढे अगरबत्ती लावून गाडी काढतात. मीही लावतो, पण पंपाच्या अलीकडेच विझवतो. तुम्ही डिझेल भरत असाल, पण शेजारी मोटरसायकलमध्ये पेट्रोल पडत असतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरते.

सगळ्यात जास्त भीती मला कॅनची वाटते. शेतकरी इंजिनासाठी इंधन आणायला सांगतात आणि लोक कॅन मागच्या हौद्यात, ज्याला इथं डाला म्हणतात, तिथंच ठेवून भरून घेतात. खाली रबरी मॅट किंवा प्लॅस्टिक असेल तर भरताना तयार होणारी स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. ठिणगी पडली, आणि त्यात पेट्रोल असलं, तर भडका. कॅन खाली जमिनीवर ठेवा, नोजल त्याच्या तोंडाला टेकवून सावकाश भरा, वर थोडी जागा सोडा.

तुमचा रोजचा फेरा किती किलोमीटरचा आणि वाटेत घाट आहे का, तेवढं कळवा. मग कुठली गाडी ते नेमकं सांगता येईल.