खुनी सापडेल ना?

प्रश्न : रात्रीचे ओटे आवरले की सासूबाई आणि मी जुन्या दरबारी काळातली एक चिनी मालिका पाहतो. नायक-नायिकेची लुटुपुटूची भांडणे छान रंगतात. पण पहिल्या भागातल्या खुनाचा छडा 16 भाग झाले तरी लागलेला नाही आणि एकाच माणसाला तीन नावांनी हाक मारतात. आमचे काही चुकते आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपले काही चुकत नाही. चिनी नावात आडनाव आधी येते, जवळची माणसे लाडाने नावाआधी ‘श्याव’ किंवा ‘आ’ लावतात आणि दरबारात तोच माणूस हुद्द्याने ओळखला जातो. आपल्याकडे एकच गृहस्थ घरात बापू, सासुरवाडीला जावईबापू आणि कचेरीत साहेब असतात, तसाच हा प्रकार. पहिल्या दोन भागांतली नाती एका कागदावर लिहून सासूबाईंच्या हाती द्या.

खुनाचे म्हणाल, तर अशा प्रेम-रहस्य मालिकांत तपास हे बहुधा दोघांना एकत्र आणण्याचे निमित्त असते, त्यामुळे लहान प्रकरणे मध्येच सुटतात आणि मोठे रहस्य शेवटासाठी राखून ठेवलेले असते. मात्र मालिका 2020 ते 2025 या काळातली असेल, तर तिथल्या प्रसारण नियामकाने 2020 मध्ये घातलेली आणि 2025 मध्ये शिथिल केलेली 40 भागांची मर्यादा आपल्या पथ्यावर पडेल. भूत दिसले तरी घाबरू नका. अंधश्रद्धेला तिथल्या अधिकाऱ्यांचा विरोध असल्याने पांढऱ्या वस्त्रातली ती बाई पुष्कळदा हाडामांसाचीच निघते. विनोदी प्रसंगात कॅमेरा केसांतल्या आकड्यावर किंवा कमरेच्या जेड या हिरव्या दगडाच्या पदकावर उगाच रेंगाळला, तर खुनाचा धागा तिथेच असू शकतो; तेवढे दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहा.