पीएचपीमध्ये दोन वेगळ्या पासवर्डांचे हॅश ‘==’ ने समान का ठरतात?

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत ‘२४०६१०७०८’ आणि ‘क्यूएनकेसीडीझेडओ’ या दोन वेगळ्या पासवर्डांचे एमडी५ हॅश (पासवर्डापासून एमडी५ या पद्धतीने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरमाला) ‘==’ ने ताडल्यावर समान का ठरतात आणि पीएचपी ८ घेतल्याने हा दोष जातो का, असे तुम्ही विचारले आहे. दोष जात नाही.

हे दोन्ही हॅश ‘०ई’ने सुरू होतात आणि त्यापुढे केवळ अंकच येतात. ‘==’ च्या दोन्ही बाजूंच्या स्ट्रिंग, म्हणजे अक्षरमाला, संख्येसारख्या दिसत असतील, तर पीएचपी त्यांची अक्षरे न ताडता त्यांचे संख्यामूल्य ताडते; येथे ‘ई’ म्हणजे दहाचा घात आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच, म्हणून दोन्ही बाजू शून्य ठरतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ ने वेगळी चूक सुधारली: पूर्वी ० ही संख्या ‘एबीसी’ या स्ट्रिंगशी समान ठरत असे, आता ठरत नाही. संख्येसारख्या दिसणाऱ्या दोन स्ट्रिंगांचा नियम मात्र तसाच राहिला.

मला याचा फटका सुरक्षेत नव्हे, तर मालाच्या यादीत बसला. ‘१ई३’ हा कोड यादीत आहे का, हे मी इन_ॲरे या यादीत शोधणाऱ्या फंक्शनने तपासत होतो आणि यादीत ‘१०००’ असल्यामुळे उत्तर ‘आहे’ असे येत होते. त्या फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट ट्रू दिला की तुलना काटेकोर होते. अनेक पर्यायांतून एक निवडणारा स्विचही ‘==’ सारखी सैल तुलनाच करतो. पीएचपी ८ मधील मॅच ही तशीच रचना मात्र सैल तुलना करत नाही.

म्हणून सर्वत्र ‘===’, म्हणजे मूल्याबरोबर प्रकारही ताडणारी काटेकोर तुलना, वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन; परंतु फॉर्ममधून किंवा यूआरएलमधून आलेले ‘५’ ही स्ट्रिंग असते आणि ती ५ या पूर्णांकाशी ‘===’ ने कधीच जुळणार नाही, त्यामुळे आलेले मूल्य आधी तपासून, त्याचा प्रकार बदलून मगच ताडावे. पूर्णांक १ आणि दशांश १.० हेदेखील ‘===’ ने वेगळे ठरतात; डेटाबेसमधून आलेल्या रकमा ताडताना हे विशेष लक्षात ठेवा.

पासवर्डासाठी मात्र ‘===’ लावून थांबू नका. त्यासाठी एमडी५ मुळातच अयोग्य आहे. पासवर्ड_हॅश या फंक्शनने हॅश काढून साठवा आणि पासवर्ड_व्हेरिफाय या फंक्शनने पडताळा. टोकन (ओळख पटवणारा गुप्त संकेत) किंवा डिजिटल स्वाक्षरी ताडायची असेल तेथे हॅश_ईक्वल्स हे फंक्शन वापरा, कारण पहिला फरक कोठे आहे हे त्याला लागलेल्या वेळावरून हल्लेखोराला ओळखता येत नाही.