जानेवारीतले बाळंतपण, न्यू जर्सीतला विमा आणि खर्चाचा अंदाज

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये आपण एल-1 (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर न्यू जर्सीत रुजू होणार आहात, पत्नी गरोदर आहेत, प्रसूतीची तारीख जानेवारी 2026 च्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे, आणि कंपनीने पाठवलेल्या दोन विमा योजनांपैकी कोणती घ्यावी व बाळासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत हे ठरत नाही. शिवाय बाळंतपण नाशिकलाच व्हावे असा घरच्यांचा आग्रह आहे. मी अनेक वर्षे याच राज्यात राहतो आणि आमच्या मुलीचा जन्मही इथलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. इथे इस्पितळाचे बिल किती येईल याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही, कारण तो आकडा आपल्या हातात नसतो. आपल्या हातात असतो तो योजनेतला ‘आउट-ऑफ-पॉकेट मॅक्झिमम’, म्हणजे वर्षभरात मासिक हप्त्याखेरीज आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकते याची मर्यादा. नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-इस्पितळांकडच्या, उपचारांसाठी ही मर्यादा कायद्यानेच घालून दिलेली आहे. 2026 साठी ती एका व्यक्तीमागे 10,600 आणि कुटुंबामागे 21,200 डॉलरच्या वर जाऊ शकत नाही, आणि चांगल्या कंपन्यांच्या योजनांत ती याहून बरीच कमी असते. बाळ वेळेआधी जन्मले आणि नवजात अतिदक्षता विभागात राहावे लागले, तर मूळ बिल लाखो डॉलरांचे होऊ शकते, पण आपला वाटा त्या मर्यादेपाशी थांबतो. म्हणून आपले अंदाजपत्रक त्या मर्यादेवरून मांडावे.

दुसरी गोष्ट नव्याने येणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. बाळ जन्मल्या क्षणापासून विम्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. त्याचे डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम) वेगळे, त्याची मर्यादा वेगळी आणि त्याची बिलेही वेगळी येतात. आईचे बिल इस्पितळाचे, प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांचे आणि भूल देणाऱ्यांचे असे तुकड्यातुकड्यांनी येते, आणि त्याच दिवसांचे बाळाचे बिल, म्हणजे नवजात कक्षाचे, बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीचे, श्रवणचाचणीचे, निराळ्या लिफाफ्यांतून येते. ‘बाळंतपणाला किती लागतील’ असे विचारताना बहुतेकांच्या मनात फक्त आईचा खर्च असतो.

आता आपल्या दोन योजनांकडे वळू. आपण दिलेले आकडे असे आहेत. पहिल्या, पीपीओ (नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही जादा खर्चाने चालणाऱ्या) योजनेचा कुटुंबासाठीचा हप्ता महिना 560 डॉलर, डिडक्टिबल माणशी 750, त्यानंतर खर्चाचा 20 टक्के वाटा आपला, आणि मर्यादा माणशी 3,500 व कुटुंबाला 7,000. दुसरी योजना मोठ्या डिडक्टिबलची आहे. तिचा हप्ता 240, डिडक्टिबल माणशी 3,400, पुढे 20 टक्के, मर्यादा माणशी 5,000 व कुटुंबाला 10,000, आणि कंपनी आपल्या आरोग्य बचत खात्यात, म्हणजे एचएसएमध्ये, वर्षाला 1,000 डॉलर घालते.

पूर्ण 2026 सालाचा हिशेब मांडून पाहा. आईचा खर्च दोन्ही योजनांत मर्यादेपर्यंत जाईल असे धरावे. बाळ निरोगी असेल आणि त्याचे जन्मावेळचे बिल विमा कंपनीने मान्य केलेल्या दराने 4,000 डॉलर झाले असे समजू. पीपीओत हप्त्यांचे 6,720, आईचे 3,500 आणि बाळाचे 1,400 मिळून 11,620 होतात. दुसऱ्या योजनेत हप्त्यांचे 2,880, आईचे 5,000, बाळाचे 3,520, आणि त्यातून कंपनीचे 1,000 वजा केले की 10,400 राहतात. सर्वांत वाईट वर्ष धरले, म्हणजे कुटुंबाची मर्यादा पूर्ण गाठली गेली, तरी पीपीओचे 13,720 आणि दुसरीचे 11,880 होतात. बाळंतपणाच्या वर्षी मोठे डिडक्टिबल नको, असे इथे सगळेच सांगतात. आपल्या आकड्यांत मात्र तो सल्ला खरा ठरत नाही, कारण हप्त्यांतला फरकच वर्षाला 3,840 डॉलरचा आहे.

तरीही वर्षाची बेरीज एक आणि पैसे कधी लागतात हे दुसरे. मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेत साडेआठ हजारांच्या आसपासची रक्कम जानेवारी ते मार्च या काळात देणे होते, तर पीपीओत त्याच काळात 4,900 लागतात आणि बाकीचे हप्त्यांतून वर्षभर जातात. नव्या देशात आल्यावर पहिल्या काही महिन्यांत घराची अनामत, गाडी, थंडीचे कपडे आणि फर्निचर यांतच बचत संपते. इस्पितळे बिनव्याजी मासिक हप्ते बांधून देतात, त्यासाठी त्यांच्या बिलिंग विभागाला फोन करावा लागतो इतकेच. पण ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला सांभाळताना पैशांची तंगी डोक्यावर असू नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरतो. बहुतेक कंपन्यांच्या योजनांचे वर्ष 1 जानेवारीला नव्याने सुरू होते आणि डिडक्टिबल पुन्हा शून्यावर येते. आपल्या कंपनीचे वर्षही तसेच असेल, तर तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली म्हणून खर्चाचा मोठा भाग 2026 मध्ये पडेल. नेहमीच्या गर्भतपासण्या आणि मधुमेहाची चाचणी प्रतिबंधक सेवांत मोडत असल्याने त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत, मात्र सोनोग्राफी आणि इतर काही चाचण्या डिडक्टिबलमध्ये जातात. प्रसूतितज्ज्ञ तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट यांचे मिळून एकच बिल सहसा प्रसूतीनंतर लावतात. पण बाळ डिसेंबरच्या शेवटी जन्मले आणि मुक्काम जानेवारीत लांबला, तर दोन वर्षांच्या दोन मर्यादा लागू होतात.

म्हणून माझा सल्ला असा की सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांसाठी पीपीओ घ्यावी. चार महिन्यांत हप्त्याचा फरक फक्त 1,280 डॉलर पडतो, आणि डिसेंबरातच प्रसूती झाली तर हीच योजना दोन हजारांहून अधिक वाचवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंपनी पुढच्या वर्षासाठी योजना बदलण्याची मुदत देते. तोवर हाताशी 10,000 डॉलर जमले असतील तर जानेवारीपासून दुसरी योजना घ्यावी, नाहीतर पीपीओच चालू ठेवावी. बदल करण्यापूर्वी आपले प्रसूतितज्ज्ञ आणि इस्पितळ दोन्ही योजनांच्या नेटवर्कमध्ये आहेत का, हे डॉक्टरांच्या कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून असे दोन्हीकडून विचारून घ्यावे.

एचएसए घेतल्यास खाते जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत उघडून घ्या, कारण खाते उघडण्यापूर्वी झालेल्या खर्चासाठी त्यातले पैसे करमुक्त वापरता येत नाहीत. 2026 मध्ये कुटुंबासाठी त्यात कंपनीच्या रकमेसह 8,750 डॉलरपर्यंत भरता येतात. केंद्रीय कर त्यावर लागत नाही, पण न्यू जर्सी राज्य ही सवलत मानत नाही, त्यामुळे राज्याच्या करात बचत होईल असे धरू नका. तसेच 2025 मध्ये पीपीओसोबत वैद्यकीय खर्चाचे एफएसए खाते (पगारातून करमुक्त रक्कम बाजूला टाकण्याचे) घेतलेत आणि त्यातली रक्कम पुढच्या वर्षी ओढली गेली, तर एचएसए भरण्याची पात्रता अडचणीत येते. ते खाते या चार महिन्यांसाठी घेऊ नये.

पत्नी आधीच गरोदर आहेत म्हणून विमा नाकारला जाईल ही आपली भीती मात्र सोडून द्या. 2014 पासून आधीच्या आजाराचे किंवा गरोदरपणाचे कारण देऊन नोकरीच्या विम्यातून कोणाला वगळता येत नाही. प्रश्न फक्त सुरुवातीच्या तारखेचा आहे. काही कंपन्यांत संरक्षण पहिल्या दिवसापासून, काहींत पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होते, आणि कायद्याने जास्तीत जास्त 90 दिवस थांबायला लावता येते. ही तारीख एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या आणि पत्नींचे विमान त्यानंतरचे काढा. मधल्या काळासाठी प्रवासी विमा घ्यावा असे कोणी सुचवेल, पण त्या पॉलिसींत गरोदरपणाचा खर्च बहुधा वगळलेला असतो.

जन्मानंतरचा सर्वांत महत्त्वाचा नियम 30 दिवसांचा आहे. तेवढ्या दिवसांत बाळाचे नाव योजनेत घातले तर संरक्षण जन्माच्या दिवसापासून लागू होते. ते राहून गेले तर पुढच्या वार्षिक मुदतीपर्यंत थांबावे लागू शकते. बाळाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) यायला वेळ लागतो, म्हणून त्याची वाट पाहत बसू नका, क्रमांक मागाहून देता येतो. आमच्या मुलीची पहिली बिले ‘बेबी गर्ल’ आणि पुढे आडनाव अशा नावाने निघाली होती. विमा कंपनीच्या नोंदीत अशी कोणी व्यक्तीच नसल्यामुळे ती नाकारली गेली आणि पूर्ण रकमेची मागणी घरी आली. इस्पितळाला मुलीचे खरे नाव आणि सदस्य क्रमांक कळवल्यावर त्यांनी तीच बिले पुन्हा पाठवली आणि रक्कम योग्य तेवढी झाली. त्यामुळे नाव नोंदवल्याबरोबर इस्पितळ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांनाही फोन करावा.

विमा कंपनीकडून येणाऱ्या ईओबी नावाच्या पत्रकावर ‘हे बिल नाही’ असे छापलेले असते. त्यात मागितलेली रक्कम, मान्य झालेली रक्कम, कंपनीने दिलेली रक्कम आणि आपला वाटा असे रकाने असतात. इस्पितळाचे बिल हातात आले की त्यातला आकडा ईओबीतल्या आपल्या वाट्याशी जुळवावा, जुळला तरच पैसे भरावेत, आणि शंका असेल तर बाबवार तपशील मागावा.

नेटवर्कमधल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ किंवा नवजात शिशुतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचे निघाले, तरी जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या कायद्यामुळे ते जादा रक्कम मागू शकत नाहीत. जमिनीवरून धावणारी रुग्णवाहिका मात्र या कायद्यात नाही.

पहिल्या वर्षाचा नेहमीचा खर्च त्या मानाने कमी असतो. निरोगी बाळाच्या ठरलेल्या तपासण्या जन्मानंतर तीन ते पाच दिवसांनी, मग पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात होतात. त्या व वेळापत्रकातल्या लसी नेटवर्कमध्ये विनामूल्य असतात, आणि दूध काढण्याचा पंपही विम्यातून मिळतो. पैसे लागतात ते आजारपणाच्या भेटींना. बाळाला पाळणाघरात ठेवणार असाल तर सर्दी, ताप, कानदुखी यांची तयारी ठेवा. मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेत अशा प्रत्येक भेटीचे पूर्ण पैसे आपल्याला द्यावे लागतात. रात्री ताप आला तर आधी बालरोगतज्ज्ञांच्या कार्यालयाच्या रात्रीच्या क्रमांकावर फोन करावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर मात्र पैशांचा विचार न करता ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.

आता घरच्यांच्या आग्रहाबद्दल. केवळ खर्च पाहिला तर नाशिकच्या खाजगी इस्पितळातले बाळंतपण इथल्यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडेल, आणि आई, सासूबाई, शेकशेगडी, डिंकाचे लाडू यांची किंमत पैशांत होत नाही. पण मग बाळाचा पासपोर्ट, त्याचा एल-2 (एल-1 धारकाच्या कुटुंबीयांचा) व्हिसा, आणि तोवर आपण तिघांनी वेगळे राहणे हेही त्या हिशेबात आले पाहिजे. तोच निर्णय घेतलात तर बाळ भारतात असतानाच 30 दिवसांच्या आत त्याचे नाव योजनेत घाला, कारण बाळ पुढे अमेरिकेत आल्यावर मध्येच घालता येईल की नाही हे कंपनीच्या नियमांवर अवलंबून असते. उलट आई किंवा सासूबाई इकडे येणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळा पाहुण्यांचा विमा घ्यावा लागेल. रक्तदाब, मधुमेह यांसारखे जुने आजार त्यात कितपत धरले आहेत हे पॉलिसीच्या मूळ मजकुरातच वाचा, जाहिरातीवरून ठरवू नका.

पत्नी इकडे येताना गर्भारपणाची पूर्ण फाइल, सर्व सोनोग्राफी अहवाल, रक्तगट आणि घेतलेल्या लसींची नोंद इंग्रजीत, सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. सहाव्या महिन्यात नवा रुग्ण घ्यायला काही प्रसूतितज्ज्ञ का-कू करतात, म्हणून भारतात असतानाच फोनवर पहिली वेळ ठरवून ठेवावी, आणि ती ठरवताना दोन्ही योजनांची नावे त्यांना सांगावीत.