दिवाळीत ओमानच्या दक्षिणेतल्या सलालाहचे धबधबे? बुकिंग करण्याआधी वाचा

ताई, "दिवाळीच्या सुट्टीत मस्कतला भावाकडे जातोय, तिथून गाडीने सलालाह, टूरवाला म्हणतो धबधब्यांना बाराही महिने पाणी असतं" हे तुमचं वाचलं आणि डोकंच फिरलं. हेच वाक्य मला नाशकातल्याच एका टूर ऑफिसात ऐकवलं होतं. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

व्हिसा-तिकिटाचं तुम्ही बघालच.

सलालाहजवळची वादी दरबात (वादी म्हणजे ओढ्याची दरी) हे नाव एकच, पण जागा दोन. वर झरा आणि तळं. तिथे एरवीही पाणी, होड्या, उंट दिसतात. जाहिरातीत कड्यावरून कोसळणारा शंभरेक मीटरचा पडदा दाखवतात तो खालच्या अंगाला, आणि तो खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, हंगामात, तेही पाऊस बरा झाला तरच. (मे २०१८ मध्ये मेकुनू चक्रीवादळानंतर तो अवेळी वाहिला होता, पण वादळाच्या भरवशावर कोण बुकिंग करतं!) हा खरीफ साधारण २१ जून ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा. इगतपुरीला झोडपतात तेच मोसमी वारे, पण तिथल्या किनाऱ्यालगतचा समुद्र तेव्हा थंड असतो, म्हणून धो धो पावसापेक्षा धुकं आणि भुरभुरच जास्त. ते डोंगरात मुरून झरे फुटायला वेळ लागतो. जूनअखेरीस गेलेलेही हात हलवत येतात. माझ्या मते ऑगस्टच धरावा.

आम्हाला दिवाळीत 'वॉटरफॉल डे टूर'चे वेगळे पैसे घेऊन उभं केलं ते कोरड्या कड्यासमोर. 'ऐन अथूम' नावाच्या दुसऱ्या धबधब्यालाही तेच. केरळी ड्रायव्हरलाच आमची कीव आली. परत आल्यावर ऑफिसने पावती उलटी करून बारीक अक्षरं दाखवली: निसर्गावर आमचं नियंत्रण नाही. अहो, निसर्गावर नसेल, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर टाकता येते की नाही? परतावा सोडाच, पुढे फोन उचलणंही बंद. तेव्हा एजंटकडे तुमच्याच तारखांच्या आसपासचा, मागच्या वर्षीचा व्हिडिओ मागा आणि 'धबधबा चालू असेल' हे लेखी घ्या. आढेवेढे घेतले तर काय ते समजा.

सगळे एजंट असेच असतात असं नाही. आणि धबधब्याचा हट्ट नसेल तर दिवाळीतलं सलालाह छानच आहे, पण विमानाने जा. रस्त्याने हजारेक किलोमीटर, मधे नुसतं वाळवंट आणि रात्री आडवे येणारे उंट. दरबातच्या पाण्यात मात्र मुलांना उतरू देऊ नका, बिल्हार्झियाचा (गोड्या पाण्यातल्या कृमींमुळे होणाऱ्या रोगाचा) धोका असतो.

पाणीच हवं असेल तर मस्कतहून सूरच्या वाटेवर वादी शाब करा. होडीने पलीकडे, मग पाऊणएक तास चाल, शेवटी पोहत गुहेत शिरलं की आत छोटा धबधबा. पोहता येत नसेल तर तो टप्पा सोडा. आकाश निरभ्र असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की वादी अचानक भरते; त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्याला अडकलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. त्या दिवशीचा हवामानाचा इशारा भावाला सकाळी बघायला सांगा.